कापसाच्या पोटातून नांदुऱ्याला

आमच्याकडे वर्षातून एकदा बाभळींनाही कापूस लागतो. दिवाळी मागे पडली की कापसाने फुगलेले टेम्पो आणि ट्रॅक्टर नांदुऱ्याच्या रस्त्याला लागतात आणि कडेच्या बाभळी त्यांच्यातला थोडा थोडा ओरबाडून घेतात. महिनाभरात काट्याकाट्यावर पांढरे पुंजके दिसायला लागतात. परवा आम्ही बुलढाण्याहून तिकडच्या एका लग्नाला निघालो होतो. गाडी मुलगा चालवत होता आणि मागे माझ्या शेजारी पाच वर्षांची नात बसली होती. "आजी, हे कशाचं झाड?" तिने विचारलं. "कापसाचं," मी बिनदिक्कत सांगितलं. तिने ते खरं मानलं आणि नीट बघायला म्हणून पट्ट्यातून मान बाहेर काढली. मुलाने आरशात ते पाहिलं, गाडी बाजूला घेतली, उतरला, तिचा पट्टा पुन्हा आवळला, माझाही ओढून पाहिला आणि मग पुन्हा निघाला. मला हसू आवरेना. "काय झालं?" तो म्हणाला. मी म्हटलं, काही नाही. चालत्या गाडीत सांगण्यासारखं ते नव्हतं. याच रस्त्यावरून मी आयुष्यातला पहिला प्रवास केला होता, आणि तो माणूस म्हणून नाही, माल म्हणून केला होता.

त्याला आता साठ वर्षं होऊन गेली. महाराष्ट्राचं राज्य नवं होतं. आमच्या शाळेत नव्या राज्याचा नकाशा यायचा होता आणि भिंतीवर जुनाच टांगलेला होता. गाव पिंपळगाव राजाच्या बाजूचं, नांदुऱ्यापासून चार कोस. वेचणीच्या दिवसांत त्या शाळेत गुरुजी आणि खडू असे दोघेच हजर असत. बाकी सगळं गाव, पोरासोरांसकट, पऱ्हाटीत. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. सकाळच्या गारठ्यात वेचायला लागलं की वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांत घुसत. थंडीमुळे ते तेव्हा कळत नसे, ऊन चढलं की सगळी बोटं एकदम ठणकायला लागत. माय ओळीने पुढे जायची, तिची ओटी फुगत जायची, आणि माझी ओटी भरली की मी ती तिच्या ओटीत रिकामी करायची. नव्या कापसाला वास असतो हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. उन्हाचा, थोडा सरकीच्या तेलाचा आणि थोडा पाचोळ्याचा वास. अजूनही तो नाकाशी आला की माझी पाठ आपोआप ताठ होते.

भाव येईपर्यंत कापूस घरातच राही. आमचं घर मातीच्या सपाट धाब्याचं. मधल्या खोलीवर धाब्याला एक चौकोनी झरोका होता आणि त्याच झरोक्यातून खोलीत कापूस ओतला जाई. खोली अर्धी भरली की आमचं राज्य सुरू होई. धाब्यावर चढायचं, झरोक्याच्या काठावर उभं राहायचं, नाक दाबायचं आणि उडी मारायची. खाली कमरेइतकं, कधी गळ्याइतकं रुतायचं आणि दोन्ही हातांनी पोहल्यासारखं करत दाराशी यायचं. बाहेर आलं की भुवयांपासून टाचांपर्यंत पांढरं. शिंका आल्या तर त्यातूनही कापूस निघे. माय ओरडायची, पण ती आमच्या जिवासाठी नव्हे. तुडवून कापसात माती जाते म्हणून.

माझ्या हनुवटीवर जी खूण आहे ती त्या झरोक्याच्या काठाची. डाव्या पोटरीवरची गाडीच्या चाकाच्या आरीची, कारण चालत्या गाडीला मागे लटकायचं हा आमचा रोजचा खेळ. उजव्या तळव्यातली विहिरीच्या पायरीवरच्या फुटक्या कौलाची. एकदा बदाम समजून आम्ही चौघांनी एरंडाच्या बिया खाल्ल्या आणि दिवसभर गोठ्यात ओकत पडलो. तेव्हा किसनदादांनी आम्हाला ताक पाजलं आणि म्हणाले, "आता बदाम कसा असते ते कळलं ना?" किसनदादा म्हणजे आमचे सालदार, वर्षाच्या बोलीने घरी कामाला राहिलेले. बाकी लागण्या-खरचटण्यावर औषध एकच, कापूस जाळायचा आणि त्याची राख जखमेवर दाबायची. राख दाबताना रडलं नाही, तर त्या दिवशी धाब्यावर आपली उडी पहिली. मी कधी रडले नाही. हे मी शाळेत तीस वर्षं शिकवताना पोरांना कधी सांगितलं नाही, कारण तिथे मी त्यांना मैदानातल्या आंब्याच्या पहिल्या फांदीवरसुद्धा चढू देत नसे.

तसा माझा काही 'आमच्या वेळी असं होतं' म्हणणाऱ्यांचा पंथ नाही. आमच्या गावातला एक पोरगा विहिरीत पोहायला गेला तो परत आला नाही. त्याची आई पुढे कितीतरी वर्षं त्या विहिरीचं पाणी भरत नसे, लांबच्या विहिरीला जायची. तेव्हा मुलाने पट्टा आवळला तर मी हसते, पण सोडत नाही. आणि तरीही, जे आपल्या हातून घडलं आणि ज्यातून आपण निभावलो, त्याचा अभिमान वाटतो तो वाटतो. तो लपवायला मी आता कुणाला भिऊ?

तर गाडी भरणं. कापूस बाजारात न्यायचा तर बैलगाडीला भोवताली गोणपाटाचा उंच कठडा शिवून बांधत. पुरुषभर उंच. त्यात खालून गाठोड्याने कापूस ओतत आणि तो दाबून बसवायला आत पोरं सोडत. कापूस हलका, मोठी माणसं खाली ओझी उचलायला हवीत, म्हणून आत आम्ही. याला खुंदणं म्हणायचं. गाठोडं पडलं की खुंदायचं, पडलं की खुंदायचं. गाडी भरत जाई तशी आपण वर वर जात असू, आणि शेवटी गोठ्याच्या छपराहून उंच उभं राहिलं की सगळं गाव पायाखाली दिसे. मी चांगली खुंदत असे. हे मी म्हणत नाही, किसनदादा म्हणत. "सुमीनं खुंदलेली गाडी कलत नाही," असं त्यांनी एकदा चार माणसांत म्हटलं होतं, आणि ते वाक्य मी आजवर जपलं आहे.

पण खुंदायला मुलगी चालायची, नांदुऱ्याला जायला चालायची नाही. रीत अशी होती की खुंदणाऱ्यांपैकी एक पोर गाडीबरोबर नांदुऱ्याला जाई, पुढे धुरेवर, गाडीवानाशेजारी बसून. ते पोर म्हणजे दर वर्षी माझा चुलतभाऊ मधू. तो परत येई तेव्हा त्याच्या तोंडाला जिलबीचा वास येई आणि तो आठवडाभर आगगाडीखेरीज दुसरं बोलत नसे. इंजिन किती काळं, त्याची वाफ कशी अंगावर येते, जमीन कशी हलते. मधूला खुंदता येत नसे. तो एका जागी उभा राहून नुसत्या टाचा आपटे. मी दहा वर्षांची होते, आणि जमीन हललेली मला बघायची होती. बाबांना मी विचारलं. बाबा कमी बोलत. ते म्हणाले, "पोरी नाही जात." मी काऊन म्हणून विचारलं. "नाही जात म्हनून नाही जात," ते म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

मग मी ठरवलं, जायचं. वर नाही, तर आत.

हे ज्या एका माणसाला सांगणं भाग होतं, ती माझी धाकटी बहीण चंदी. तेव्हा सात वर्षांची. ती धाब्यावरून सगळ्यांत शेवटी उडी मारे आणि मारण्याआधी खाली कुणी नाही ना हे तीनदा विचारी. थट्टेत सांगितलेलं ती खरं मानायची आणि खरं मानलेलं सोडायची नाही. मी तिला गोठ्यामागे नेलं आणि बेत सांगितला. मी गाडीच्या मागच्या कोपऱ्यात बसेन, तू माझ्यावर कापूस ओढ. गोणपाटाला एक भोक पाडलंय, त्यातून पपईच्या पानाचा पोकळ देठ बाहेर काढेन आणि त्यातून श्वास घेईन. नांदुऱ्याला पोचलं की बाहेर उडी मारेन, मग बाबा काय परत पाठवणार आहेत? तिचे डोळे मोठे झाले. "अन् तू मेली त?" तिने विचारलं. "देठ आहे ना," मी म्हटलं. आणि तिच्या तोंडाची खात्री नव्हती म्हणून मी तिला मायची शपथ घातली, कुणाला सांगणार नाहीस म्हणून.

मायची शपथ म्हणजे आम्हा पोरांचं सगळ्यांत वरचं कोर्ट. ती मोडली तर माय मरते, यात कुणालाही शंका नव्हती. तिच्यातून सुटायचा मार्ग एकच. ज्याने शपथ घातली, त्यानेच तोंडाने 'सुटली' म्हणायचं. दुसऱ्या कुणाचं म्हणणं चालत नसे. चंदीने गळ्याची कातडी चिमटीत धरून शपथ घेतली आणि त्या क्षणापासून तिच्या तोंडाला कुलूप लागलं.

सकाळी गाडी भरायला घेतली. माय बाया घेऊन शेतात गेली होती. आत मी, चंदी आणि मधू खुंदत होतो. कापूस कठड्याच्या अर्ध्यावर आला तेव्हा मधूला तहान लागली, तो उतरला, आणि तेवढ्यात मी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले. चंदीने दोन्ही हातांनी माझ्यावर कापूस ओढला. आधी उजेड पांढरा झाला, मग पिवळसर, मग गेला. आवाजही गेले. कापसाच्या आत किती शांत असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. स्वतःच्या छातीचे ठोके तेवढे कानात. देठ तोंडात होता आणि त्यातून बाहेरची गार हवा येत होती. मला फार आनंद झाला होता.

माझा हिशेब असा, की मी दिसले नाही तर मायमागे शेतात गेली असेन असं सगळे धरतील, वरून आणखी थोडा कापूस पडेल आणि गाडी निघेल. पण बेत आखणारी मी होते, आणि गाडी भरणारे किसनदादा. त्यांनी खालून गोणपाट दाबून पाहिलं असावं. ते काय म्हणाले हे मला चंदीने नंतर सांगितलं, कारण मला नुसती गुणगुण ऐकू आली. ते म्हणाले, "चंदे, मागचा कोपरा पोकळ लागते वं. नीट खुंद. कोपरा पोकळ राह्यला त नाल्यात गाडी कलन."

चंदी कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना पाय फाकून उभी होती, मधली जागा सोडून. ती जागच्या जागी पाय हलवत राहिली.

"तसं नाही. मधात. मधात पाय दे."

तिने पाय दिला. माझ्या उजव्या खांद्यावर. मग दुसरा, मानेच्या मुळाशी. ती हलकीच होती, काडीसारखी, पण तिच्याखाली ओला-कोरडा कापूस होता आणि तो सगळा माझ्यावर आवळला. माझं डोकं गुडघ्यांवर गेलं. देठ ओठांतून निसटला आणि मी तो दातांत पुन्हा पकडला. वरून आणखी दोन गाठोडी पडली. तिने पुन्हा पाय दिला. किती वेळा ते मी मोजलं नाही. चंदी म्हणते, अकरा वेळा. तिने मोजलं होतं.

त्या वेळी ओरडावं असं मनात आलं का, हे मला पुष्कळांनी विचारलं आहे. आलं. पण ओरडले असते तर नांदुरा गेलं असतं आणि मधू आयुष्यभर हसला असता. दहा वर्षांच्या डोक्यात जीव आणि मधूचं हसणं ही दोन्ही पारडी जवळजवळ सारखी असतात. मी गप्प बसले. गाडी हलली. बैलांच्या घुंगरांचा आवाज अंगातून ऐकू आला, कानांनी नाही.

इथून पुढची गोष्ट खरं तर माझी नाही. मी आत होते, मला काय दिसणार? पण गोष्ट मीच सांगत आले आहे. लग्नांत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, नातवंडांना. कापसाच्या पोटात बसून नांदुऱ्याला गेलेली सुमन, म्हणून मी आमच्या भावकीत प्रसिद्ध आहे. आणि पुष्कळ वर्षं मी ती सांगताना चंदीचा भाग दोन वाक्यांत उरकत असे.

चंदी गाडीमागे चालत निघाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. किसनदादा आणि मधू धुरेवर, बाबा बैलांच्या बाजूने चालत, आणि मागे भरलेल्या गाडीची भिंत, तेव्हा तिला बघणारं कुणी नव्हतं. पायात काही नाही, अंगावर परकर-पोलकं, थंडीची सकाळ. गावाची शीव गेली, दुसऱ्या गावाची गेली. गोणपाटातून बाहेर आलेल्या देठाकडे बघत ती चालत होती. मधून मधून ती देठावर बोटाने टिचकी मारी आणि मी आतून फुंकर मारी. असं आमचं ठरलेलं नव्हतं. पहिली टिचकी बसली तेव्हा मी दचकले, मग समजले. टिचकी, फुंकर. टिचकी, फुंकर. मला ती गंमत वाटत होती. ती मात्र दर वेळी माझा जीव आहे की गेला ते बघत होती.

नाला आला. उतारावर गाडी जोरात खाली आदळली, सगळा कापूस एकदम मागे सरकला आणि देठ मधोमध मोडला. माझ्या तोंडात वीतभर तुकडा राहिला, तोही कापसाने बुजलेला. मी तो थुंकला, तोंड गोणपाटाच्या भोकाला लावलं आणि तशीच राहिले. हवा येत होती, थोडी. तागाचा कडवट वास नाकात भरला होता. मला घाम फुटला आणि मग झोप यायला लागली. झोप आली तेव्हा मला बरंच वाटलं. ती कसली झोप होती हे समजायला मला पुष्कळ मोठं व्हावं लागलं.

बाहेर चंदीने टिचकी मारायला हात वर केला तर देठाचं अर्धं टोक मातीत पडलेलं. तिने भोकाशी बोट नेलं. फुंकर नाही. गोणपाटावर थापट्या मारल्या. काही नाही. तिने ते मोडकं टोक उचलून मुठीत धरलं आणि गाडीमागे धावायला लागली, कारण नाला चढल्यावर बैल आता सपाटीला लागले होते.

आता तिच्यापुढे काय होतं बघा. सांगितलं तर माय मरणार. नाही सांगितलं तर मी. आणि ज्या तोंडाने 'सुटली' म्हणायचं ते तोंड कापसात. मी सुशिक्षित बाई, बी.एड. झालेली. मोठमोठ्या माणसांना पेचात पडलेलं मी पाहिलं आहे, पण सात वर्षांच्या पोरीला पडला होता तसा पेच दुसरा पाहिला नाही. तिने त्यातून जो मार्ग काढला तो तिच्या वयाला शोभेल असाच होता. ती गोणपाटाला तोंड लावून ओरडायला लागली.

"सुमे, सुटली म्हन! सुमे, सुटली म्हन वं!"

बाबांनी बैल थांबवले. मागे येऊन बघतात तर धुळीने माखलेली चंदी, नाकातून पाणी, पाय रक्ताळलेले. "तू? तू इथी कशी?" ते म्हणाले. तिने मान हलवली. "काय झालं? बोलत काऊन नाही?"

"मले सांगता येत नाही. मायची शप्पथ हाये."

"कोनं घातली?"

"सुमीनं."

"सुमी कुठी हाये?"

ती फक्त 'सुटली म्हन' एवढंच गोणपाटाला पुन्हा पुन्हा सांगत राहिली. दुसऱ्या एखाद्या बापाने आधी तिच्या कानाखाली दिली असती, मग विचारलं असतं. बाबा तिच्यासमोर रस्त्यात उकिडवे बसले. किसनदादा ही गोष्ट सांगत तेव्हा इथे स्वतःही उकिडवे बसून दाखवत. बाबा म्हणाले, "हे पाह्य, ते तुई माय हाये, पन मायी बायको हाये. तिची शप्पथ म्या सोडवू शकतो. तिले काही होनार नाही, माया जबाबदारीवर. सुटली. आता सांग."

चंदीने त्यांच्याकडे पाहिलं. असा काही कायदा तिने ऐकला नव्हता. पण तिने हात उचलला आणि कोपऱ्यावर ठेवला.

बाबांनी कमरेचा विळा काढला आणि गोणपाट वरपासून खालपर्यंत फाडलं. वर्षभराचा कापूस भसाभस रस्त्यावर आला, धुळीत, बैलांच्या शेणात, वाऱ्याने बाभळींवर. त्यात हात घालून त्यांनी मला केसांना धरून बाहेर ओढलं. मला आठवतं ते उजेडाचं पांढरंशुभ्र दुखणं आणि तोंडावर पडलेलं पाणी. किसनदादा मला उलटी धरून पाठीत थापट्या मारत होते. मी शिंकले, खोकले, डोळे उघडले आणि विचारलं, "नांदुरा आलं का?"

बाबांनी मला एक थोबाडीत दिली. आयुष्यातली पहिली आणि शेवटची. मग मला उचलून पोटाशी धरलं ते किती तरी वेळ सोडलं नाही.

चंदी बाजूला उभी होती. तिने मला हात लावून पाहिलं, एकदा, दंडाला. मग ती रस्त्यावरचा कापूस गोळा करायला लागली.

तो कापूस आम्ही पाच जणांनी तास दीड तास वेचला. रस्त्यातून, शेणातून, काट्यांतून. जाणारे-येणारे गाडीवान थांबून बघत. एकाने विचारलं, "काय बाप्पा, गाडी उलटली का?" बाबा म्हणाले, "नाही. पोरगी निघाली कापसातून." तो हसला. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी ते ज्या सुरात म्हटलं तो सूर मी ओळखला. तो रागाचा नव्हता. नांदुऱ्याच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, खरेदीदाराच्या माणसाने गाडीत हात घालून मूठभर कापूस काढला, मातकट बघून नाक मुरडलं, तेव्हाही बाबांनी त्याच सुरात तेच उत्तर दिलं आणि भाव कमी लागला तर लागू दिला.

घर तीन कोस मागे आणि नांदुरा एक कोस पुढे, म्हणून आम्हाला परत पाठवता येत नव्हतं एवढंच. अशा रीतीने आमच्या घरातल्या दोन मुली एकदम नांदुऱ्याला पोचल्या. जिलबी घेतली गेली. कापूस उतरल्यावर बाबा आम्हाला स्टेशनावर घेऊन गेले. मी त्यांचा एक हात धरला होता, चंदीने दुसरा. गाडी आली. इंजिन मधूने सांगितल्याहून काळं होतं. वाफ अंगावर आली आणि खरोखर जमीन हलली, माझ्या पायांच्या तळव्यांपासून दातांपर्यंत. मी ओरडत होते, बाबा वाकून माझ्याकडे बघत होते आणि मला वाटलं, आता मेले तरी चालेल. मघाशीच जवळजवळ मेले होते हे तोवर मी विसरूनही गेले होते.

पुढच्या वर्षी गाडी भरून झाली तेव्हा मधू धुरेवर चढायला लागला. बाबा म्हणाले, "मधू, तू उतर. सुमे, चंदे, चढा." गल्लीतल्या बाया बघत होत्या, पुरुषही होते. कुणीतरी म्हणालं, पोरींना कायले? बाबा म्हणाले, "याइले वरतून नेलेलं बरं. नाही त आतून येतात." त्यानंतर आमच्या गावातून नांदुऱ्याला जाणाऱ्या गाड्यांवर मुली दिसायला लागल्या. पुढे त्याच रस्त्याने मी हायस्कूलला गेले, आणि माझ्या मागून आणखी सहा जणी गेल्या. हे मी मोजून सांगते आहे, कारण याचा मला गर्व आहे.

परवा लग्नाहून परत आले आणि चंदीला फोन लावला. ती देऊळघाटला असते, सुना-नातवंडांत, शेती अजून स्वतः बघते. मी तिला बाभळींचं सांगितलं, नातीचं, पट्ट्याचं. ती हसली. मग बोलता बोलता मी म्हटलं, "चंदे, ते इंजिन काय काळं होतं गं. अजून डोळ्यांपुढे आहे."

"कोनतं इंजिन?"

"अगं, नांदुऱ्याचं. आपण दोघी बाबांचा हात धरून नव्हतो का उभ्या?"

"उभी असन," ती म्हणाली. "मले नाही आठवत."

"जमीन हलली ती? वाफ? जिलबी तरी?"

"जिलबी म्या खाल्लीच नाही. सुमे, बाबानं शप्पथ सोडवली खरी, पन ते त्याइनं घातली नव्हती. त्याइच्या म्हनन्यानं सुटते का नाही, हे मले का मालूम? कोनाले इचारू? मी त्या साऱ्या दिवसात घर कवा येते तेच पाहून राह्यली होती."

साठ वर्षं मी ही गोष्ट सांगते आहे. माझ्याशेजारी, बाबांच्या दुसऱ्या हाताला धरून, एक सात वर्षांची पोरगी धडधडत्या इंजिनासमोर उभी होती आणि तिला ते दिसलं नाही, हे मला कधी कळलं नव्हतं.

"मंग?" मी तिच्याच बोलीत विचारलं. "घरी आलो तवा?"

"तुमी गाडी सोडून राह्यले होते. मी पळत घरात गेली. माय चुलीपाशी होती. भाकर थापून राह्यली होती," चंदी म्हणाली. "तेवढं मले आठवते."